दुनियाभरचं किचन, मुक्काम सांगवी

"तिला काय इचारायचं? तिला रांधायचंच तर हाय!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, ओसरीवर आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगत होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी. लग्न नुकतंच झालेलं, आणि सांगवीच्या आमच्या घरात नवं किचन होणार होतं. नव्या सुनेनं बोलायचं कमी असतं, म्हणून तिला ऐकायला फार मिळतं. असे किस्से मग साठतच जातात.

मला एकच गोष्ट हवी होती. जुन्या ओट्यासमोरची खिडकी. तिच्यातून ऊस दिसायचा, उसापलीकडं रस्ता, आणि रस्त्यावरून जाणारी बारामतीची एसटी. बारामतीहून पुढं इंदापूर, माझं माहेर. भाकरी थापता थापता मी एसटीला रोज बघून घ्यायची.

"तेवढी खिडकी राहू द्या," मी ह्यांना म्हटलं.

"बघू की!" हे म्हणाले. त्या 'बघू की'चा अर्थ तेव्हा मला ठाऊक नव्हता.

*

फॅमिली ग्रुपवर तात्या रोज एक देश पाठवायचे. पहिला आला जपान. ओट्यावर एक भांडं नाही, डबा नाही, साधी पकड नाही. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला.

"ह्यांच्यात कुणी गेलंय का? चूल पेटलेली दिसंना!"

*

मग इटली. खोलीच्या मधोमध ओटा. त्याला आयलंड म्हणतात.

"चारी बाजूनं फिरता येतं, वैनी!" तात्या सासूबाईंना म्हणाले.

"फिरून काय करू? गॅसला परदक्षिणा घालू?"

इटली तिथंच बुडाली.

*

जर्मनीची चिमणी मात्र आलीच. बारामतीचा इंटीरियरवाला टेप लावून म्हणाला, "चिमणी हितंच बसती. शेजारी उंच कपाट." हितंच म्हणजे खिडकीवर. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी टेपकडं पाहिलं.

"अगं, दुनियेत असंच असतंय!" हे म्हणाले. ह्यांची दुनिया सोलापूरला संपते.

दुपारपर्यंत गवंड्यानं खिडकी विटांनी बुजवली. त्याला चहा मीच नेऊन दिला.

*

शेवटी अमेरिका. ओपन किचन! हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडली. घर केवढं मोठं दिसतंय म्हणून सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांकडं ऊसतोडीचा मुकादम आणि चार माणसं आली, हॉलमध्ये बसली. समोर ओट्यापाशी मी! डोक्यावरचा पदर सारखा घसरतोय. एका हातानं पदर, एका हातानं भाकरी. एका हातानं थापलेली भाकरी कुठल्याच देशात गोल होत नाही. आबा बिचारे पेपर तोंडासमोर धरून बसले. वाचून झाला तरी खाली घेईनात.

संध्याकाळी तात्या मरून रंगाचा जाड पडदा घेऊन आले. "घरातली बाई अशी उघड्यावर बरी दिसत न्हाय."

म्हणजे भिंत होती तिथं पडदा, आणि खिडकी होती तिथं भिंत. भर दुपारी मी ट्यूब लावून भाकरी थापते. लाईट गेली की तवा अंदाजानं चाचपायचा. एसटी जाते ते हॉर्नवरून कळतं.

सासूबाईंनी दोन दिवस कळ काढली. मग परसात तीन दगड मांडून चूल पेटवली. "माजा तर जीव घुसमटतो बाई आत!" त्या म्हणाल्या, आणि किचन माझ्यावर सोडून गेल्या.

*

परवा कळंबहून तात्यांचे व्याही आले, खास किचन बघायला. तात्यांनी झर्रकन पडदा सारला.

"सूनबाई, जरा कडंला हो."

मी झाले. व्याह्यांनी ड्रॉवर ओढून पाहिले, चिमणीचं बटण दाबून पाहिलं.

"जपान, जर्मनी, अमेरिका, समदं हाय हितं!" तात्या म्हणाले. "काय न्हाय ते सांगा, पैज!"

"काय बी कमी न्हाय, तात्या," व्याही म्हणाले.

आबांनी मान डोलावली. ह्यांनीही. विटांपलीकडं एसटीचा हॉर्न वाजला.

मी पदर सारखा केला.

"खिडकी न्हाय, तात्या."