न भाजलेली फांदी

चहा ओतण्याआधी ती रिकामा कप कानाशी धरायची आणि नखानं टिचकी मारायची. खणखणीत वाजला तरच त्यात चहा. नणंद म्हणायची, "बसल्या वैदीणबाई कपाची नाडी बघत." तेच नाव पडलं.

मोठ्या घरच्या दिवाणखान्यातली चिनी मातीची भांडी पुसायचं काम तिच्याकडे होतं. निळी भांडी थोरल्या मालकांनी जहाजानं मागवलेली, गुलाबांची त्यांच्या मुलानं जवळच्या कारखान्यात हातानं रंगवून घेतलेली. पाहुणे आधी भांडी बघत, मग माणसं. ज्याच्या हातून तडा जाईल त्यानं त्याच दिवशी बिऱ्हाड उचलायचं, असा नियम. वैदिणीचं बिऱ्हाड मागच्याच आवारात होतं, अंथरुणाला खिळलेल्या सासूसकट.

एका सकाळी गुलाबांच्या जोडीतली एक बरणी बद्द वाजली. केसाएवढी चीर. वैदिणीनं ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली.

नवरा त्याच कारखान्यात चितारी. भट्टीतून निघालेल्या भांड्यावर डाग दिसला की त्यावर पान नाहीतर माशी काढून तो झाकायचा, ही चिताऱ्यांची जुनी युक्ती. सोनेरी काठ उजळायच्या निमित्तानं तो आला आणि त्यानं चिरेवरून गुलाबाची फांदी काढली.

"ही कच्ची आहे," तो कुजबुजला. "भट्टीत घातली तर बरणीच जाईल. पाणी लागू देऊ नकोस."

तेव्हापासून बाईसाहेबांच्या हातात पाण्याचा पेला दिसला तरी ती बरणीपुढे जाऊन उभी राहायची.

एकदा बाईसाहेबांनी फांदीवर बोट ठेवलं. "ही आधी होती का गं?"

"होती, बाईसाहेब."

"मग जोडीच्या बरणीवर कशी नाही? नवऱ्याला सांग, तिच्यावरही काढ म्हणावं. आणि मग दोन्ही धू माझ्यासमोर. किती मळल्यात."

दुसऱ्या बरणीवरची फांदी नवऱ्यानं भट्टीत पक्की करून आणली. बाईसाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. वैदिणीनं ती बरणी धुतली, पुसून आत नेली आणि पुन्हा तीच बाहेर आणून धुतली.

"बघ, कशा उजळल्या दोघी," बाईसाहेब म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही. भीती मात्र गेली नाही. नोकरी सुटली, सासू गेली, नवरा गेला, तरी ती हातातलं फडकं कोरडं आहे ना, ते आधी पिळून बघायची.

शेवटच्या दुखण्यात सून ओला रुमाल घेऊन तिच्या तोंडाशी वाकली. वैदिणीनं मान फिरवली.

"ओलं नको गं. कोरड्यानंच पूस."