उजव्या पात्याची आतली कड

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावचा मशीन टूल्सचा कारखाना बंद पडला आणि माझी नोकरी गेली. दुसरी मिळेपर्यंत म्हणून मी तिथल्या आइस हॉकी संघाच्या स्केट्सना धार लावायचं काम धरलं.

"अहो, इंजिनिअर माणूस तुम्ही, बुटांना धार लावणार?" बायको म्हणाली.

ग्राइंडिंग मी पुण्यात शिकलो होतो. पुढे नोकरी मिळाली, तरी संध्याकाळचं हे काम सोडवेना.

संघ दुय्यम लीगमधला. त्यात कॅनडाहून आलेला एक फॉरवर्ड होता. अंगाने लहानखुरा, पण या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती त्याच्या काठीला चिकटल्यासारखी राहायची. मोठ्या लीगने त्याला एकदा महिनाभर बोलावलं आणि परत पाठवलं. त्याबद्दल तो अवाक्षर काढत नसे. धारेबद्दल मात्र कितीही वेळ बोलायचा. स्केटच्या पात्याला खालून एक पन्हळ असते, तिच्या दोन्ही बाजूंना कडा. पन्हळ जितकी खोल, तितकी कड बर्फात रुतते. त्याला ती खोल लागायची. भरधाव येऊन तो एकदम डावीकडे वळायचा आणि अडवायला आलेला खेळाडू तसाच पुढे निघून जायचा. त्या वळणाचा सगळा भार उजव्या पात्याच्या आतल्या कडेवर. दर सामन्यानंतर ती बोथट होऊन माझ्याकडे यायची.

चौथ्या हिवाळ्यात ती जवळजवळ जशीच्या तशी परत आली. पुढच्या सामन्यानंतरही तेच. नख ओढून पाहिलं, तर नख किसलं गेलं.

"उजवा गुडघा?" मी त्याला विचारलं.

त्याने आधी दार लोटलं. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या पात्याने."

"कोचला सांगू नकोस."

आठवड्याने कोच स्वतःच माझ्याकडे आला. "तो हल्ली वळत नाही. धार नीट लावतोस ना?"

"बघतो," मी म्हणालो. माझ्या कामावर आलेला आळ मी मुकाट्याने घेतला. तो फार बोचला. त्याहून भीती वाटली ती त्या गुडघ्याची.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "एकदा गप्प बसलो, पुन्हा बसणार नाही. तूच सांग कोचला. मी पन्हळ उथळ करून देतो. पाय कमी रुतेल, गुडघ्याला जरा आराम मिळेल."

"आणि वळायचं कसं? तेवढंच तर येतं मला!" स्केट्स उचलून तो निघून गेला. दोन आठवडे त्याने बाहेरून धार लावून घेतली.

मग एक दिवस बूट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "उथळ कर." कोचला त्याने सगळं सांगितलं होतं. कोच चिडला, पण त्याने त्याला काढलं नाही.

त्यानंतर तो मागे थांबून चकती पुढे द्यायला लागला. गोल दुसरे खेळाडू करायचे. "म्हातारा झालास!" असं प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, की माझेच कान तापायचे. असा तो आणखी दोन हिवाळे खेळला, मग शस्त्रक्रिया करून घेऊन कॅनडाला परतला आणि भावाच्या लाकडाच्या वखारीत लागला.

जाताना भेटायला आला होता. बायकोने केलेले पोहे त्याने दोनदा मागून घेतले. तेवढ्यात मी विचारून टाकलं, "माझ्यावर राग आहे का अजून?"

"कधीकधी वळताना स्वप्नात दिसतो मी मला," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळभर असतो राग."