दह्याच्या पिशवीवरचा 'द'

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे — आज लिहिलं नाही तर पुन्हा टाळीन, म्हणून.

मी बारामतीत घरून ग्राफिक डिझाइनची कामं करते. माझं सगळं आखलेलं असतं. आधी वाढदिवसाचे फ्लेक्स, मग पॅकेजिंग, मग मोजकेच मोठे ग्राहक. नव्या मुली विचारायला येतात, त्यांनाही असंच आखून देते. पहिलं मोठं काम कसं मिळालं, असं कुणी विचारलं की मात्र 'ओळखीतून' म्हणते आणि घाईनं पुढच्या मुद्द्यावर जाते.

ओळखीतूनच मिळालं का?

इंदापूरची सुनंदा आणि मी, दोघींनी एकत्रच सुरुवात केली. माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं तिनं हातानं रेखाटली होती — आहेर म्हणून. पत्रिकेत मामा-काका सगळ्यांची नावं येतात, अक्षर काढणारीचं कुठं येतं? लग्नात एमआयडीसीतल्या एका डेअरीचे मालक पत्रिका दाखवून म्हणाले, "हे अक्षर कुणाचं हो?" सुनंदा पलीकडच्या पंगतीत वाढत होती. मी म्हणाले, "माझंच."

एवढंच? नाही. त्यांच्या दह्याच्या पिशवीसाठी मी तिचीच अक्षरं गिरवली. शेपटी उलटी वळवलेला तो 'द'सुद्धा.

पिशवी बाजारात आल्यावर तिचा फोन आला. "ताई, दह्याच्या पिशवीवरला 'द' बघितलास का? माझ्या 'द'ची शेपटीच पळवलीया कुणीतरी!" खळखळून हसली. मीही हसले. मग हळूच म्हणाली, "मला का गं कामं मिळत न्हाईत? सोडू का हे? तू सांगशील तसं."

काय सांगायला हवं होतं, मला कळत नव्हतं का? पण तिचं अक्षर बाजारात राहिलं असतं तर कधीतरी, कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं असतं. म्हणून मी तिला शांतपणे, मुद्देसूद समजावलं — "सोड. यात तुझं काही व्हायचं नाही."

"तू म्हणतीस म्हंजी खरंच असंल," ती म्हणाली.

आता ती नवऱ्याच्या खताच्या दुकानात बसते. गेल्या महिन्यात दुकानाला नवी पाटी लावली. ती तिनं माझ्याकडून करून घेतली — "तुझा हात चांगला हाय," म्हणाली.

मी करून दिली.