कर्णेवाले आबा आणि त्यांचा निषेध

मांडवगण फराट्यात आजवर जे काही मोठ्यानं बोललं गेलं, ते सगळं आमच्या कर्णेवाल्या आबांच्या तारेतून गेलं, असं मी छातीठोकपणे सांगतो. लग्न असो, कीर्तन असो, प्रचारसभा असो, कर्णे आबांचेच. माईक तपासताना ते "हॅलो हॅलो" कधी म्हणत नसत. "आप्पाची म्हैस सुटलीय, वेशीकडं गेलीय," असं काहीतरी उपयोगाचं सांगत. दोन्ही पॅनेलच्या सभा ते सारख्याच मायेनं वाजवत. एकदा एका उमेदवारानं भाषणात त्यांनाच विरोधकांचा चमचा म्हटलं, तर आबांनी उठून मशीनचा आवाज वाढवला. वर मला म्हणाले, "मागच्यांना ऐकाया जात नव्हतं."

मागच्या निवडणुकीत एका पॅनेलनं बाहेरगावचा वक्ता आणला. उसाचा भाव, भीमेचं पाणी, आमदाराच्या सात पिढ्यांची खबर, सगळं जोरात चाललं होतं आणि आबा खुशीत मान डोलवत होते. मग गडी घसरला. गावातल्या मुसलमानांच्या दुकानात जाऊ नका, त्यांना हुसकून लावा, म्हणू लागला. अंडीवाले शब्बीरभाई दुसऱ्या रांगेत बसले होते. आवाज एकदम गेला.

"लाइट गेली का?" कुणीतरी ओरडलं.

"न्हाई. म्या बंद केलं," आबा उभे राहून म्हणाले. "सरकारला बोला, मला बोला. पर हितं बसल्याल्या माणसाला गावातनं हाकला म्हणाया माझा कर्णा न्हाई."

त्या पॅनेलच्या पोरांनी मशीन पालथं केलं, आबांच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंचा पुतण्या त्यांच्याकडं आला. चौकात तुमचा माईक लावून त्या लोकांची अख्खी जातच काढतो, म्हणाला. आबांनी त्यालाही साफ नकार दिला. "माझ्या कपाळाची खोक हाय," ते म्हणाले, "तिच्यावर तू भाषण करू नगं."

खरी मजा पुढं झाली. त्या पॅनेलच्या पोरांनी आबांच्याच निषेधाची सभा ठरवली आणि जवळपास कुठंच कर्णे मिळेनात. शेवटी खाली माना घालून ती पोरं आबांच्या दारात आली. आम्ही म्हटलं, "आबा, हाकला यांना." आबांनी मात्र पट्टी बांधलेल्या कपाळानं स्वतः तारा ओढल्या. पहिलं पोरगं बोलताना चाचरलं, तर ते मशीनजवळून ओरडले, "आरं, नीट दे की शिव्या! लाजतोस कशाला?" सभा हसली. पोरगंही हसलं आणि पुढं त्याला फारसं बोलताच आलं नाही.

आता आबा नदीपलीकडं, राहूला लेकीकडं असतात. सामान विकून टाकलंय, कानही गेलेत. गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "गावात भांडणं हायत ना?"

"आहेत की," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "पण सगळी मोबाइलवर."

"म्हंजी समोरासमोर न्हाई?"

मी मान हलवली. 

"मंग रे," आबा हळूच म्हणाले, "भांडणारी हसत्यात कवा?"