अ‍ॅक्शन कोणत्या पोलिसावर?

“कोणत्या पोलिसावर अ‍ॅक्शन घ्यायची म्हणता तुम्ही? बक्कल नंबर सांगा आधी!”

तालुक्याच्या ठाण्यात फौजदारसाहेब असे ओरडले की भिंतीवरची पाल खाली पडली. पडली म्हणजे पडलीच, मी काय खोटं सांगतो का? टेबलापुढं आम्ही तिघं होतो. मी, नायगावकडचे एक रिटायर गुरुजी, आणि आमच्या मधोमध आमच्या गावची खाला. खालाला वय विचारलं की ती सांगते, “अ‍ॅक्शनच्या साली पाच वर्साची व्हते.”

सगळा घोळ ह्या एका शब्दानं केला. आमच्या मुलखात अ‍ॅक्शन एकच. निजामाचं राज्य बुडवायला हिंदुस्थानची फौज आली, ती पोलीस अ‍ॅक्शन. तिच्यावरनं आम्ही माणसांची वयं मोजतो, चिंचांची मोजतो. माझ्या चुलत्यानं तर बाजारात एका म्हशीचंही मोजलं होतं, आणि गिऱ्हाइकानं ते मानलंही होतं. म्हणून दिल्लीला अर्ज करताना मीच ऐटीत विषय लिहिला : ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आगेमागे कत्तल झालेल्यांचे राष्ट्रीय स्मारक होणेबाबत.’ दिल्लीतून कागद मुंबईला आला, मुंबईहून लातूरला. वाटेत कुण्या शहाण्यानं त्यातले ‘पोलीस’ आणि ‘कत्तल’ एवढे दोनच शब्द वाचले, आणि अर्ज पोलिसांविरुद्धची तक्रार म्हणून ठाण्यात येऊन पडला. आम्हाला बोलावणं आलं ते जबाब द्यायला.

‘आगेमागे’ हा शब्द गुरुजींचा. आगे म्हणजे निजामाच्या रझाकारांनी मारलेले; त्यात गुरुजींचे आजोबा, घरासकट जाळलेले. मागे म्हणजे फौज आल्यावर सूड म्हणून मारलेले मुसलमान; त्यात खालाचा बाप आणि दोन भाऊ. बाप पिंजारी. रझाकारी दूरच, त्यानं कधी कोंबडीला शुक म्हटलं नव्हतं. आमच्या घरच्या गाद्यांचा कापूस तोच पिंजून द्यायचा. त्याला विहिरीत टाकणारे परमुलखातले नव्हते. आमच्या गावचेच होते. त्या गादीवर झोपणारे. मी गोष्टीतला साप एसटीएवढा लांब करणारा माणूस. पण ही गोष्ट फुगवायला गेलो की तोंडच उघडत नाही. आणि तरी गावात मलाच सांगतात, “मालक, तुमची सवय आम्हाला ठाऊक हाय!”

दोन वर्षं सह्या गोळा करत हिंडलो. विष्णुपुरीपासून निलंग्यापर्यंत बारा जोड चपला झिजल्या. बरं, दोन. एक पुढारी म्हणाला, “त्यातली मुसलमानांची नावं काढा, लगेच सही करतो.” दुसऱ्या गावात दुसऱ्या पुढाऱ्याला रझाकारांनी मारलेल्यांची नावं नको होती. सही न करणाऱ्या प्रत्येकानं चहा मात्र पाजला. असल्या चहानं माझं आतडं जळालंय! एकानं गुरुजींना खिजवलं, “तुमचा आजा जाळला त्येंनी, अन्‌ तुम्ही त्येंच्यासाठी हिंडून राहिले?”

गुरुजी म्हणाले, “आजा माझा जळाला. पिंजाऱ्यानं न्हाई जाळला. तू शिकवू नको मला.”

खालाचं मागणं एवढंच होतं. बापाला कबर नाही, तर निदान दगडावर नाव दिसावं, ती आहे तोवर. नजर चाललीय तिची; रोज एका डोळ्याला वाटी झाकून बघते : अजून किती दिसतं, किती नाही.

तर ठाण्यात मी साहेबांना निजामापासून सगळं सांगितलं. साहेब साताऱ्याकडचे, वयानं तिशीचे. त्यांना वाटलं, म्हातारा विषय बदलून राहिलाय. त्यांनी जमादाराला जबाब घ्यायला बसवलं आणि आपण आतल्या खोलीत गेले. जमादार इथलाच, पोट सुटलेला, सगळं समजत असलेला. पण छापील रकाने सोडून एक अक्षर लिहील तर शपथ.

“घटना कधी घडली?”

“सप्टेंबर अठ्ठेचाळीस.”

त्यानं ते लिहिलं. मान वर न करता विचारलं, “तक्रार द्यायला एवढा उशीर का केला?”

मी उठलोच. खुर्ची मागं कोलमडली. “उशीर? आम्ही केला? किती सरकारं बदलली, चौकाचौकात पुतळे उभे राहिले, अन्‌ उशीर आम्ही केला? विहीर बुजवून त्यावर हायब्रीड ज्वारी पेरली आमच्या गावानं! माझ्या बापानं त्या भाकरी खाल्ल्या, मी खाल्ल्या! लिही की हे! लिही तुझ्या रकान्यात!”

“आवाज खाली!” साहेब आतून.

“न्हाई करत खाली!”

खालानं माझा सदरा ओढला. “बैस बेटा. त्यो इचारून राहिला ते मला सांगू दे.” मग जमादाराकडं वळून म्हणाली, “बाबा, लहान व्हते. मग लगीन झालं. मग भ्या वाटायचं. आता न्हाई वाटत. लिव.”

त्यानं लिहिलं : ‘विलंबाचे कारण : भीती.’ मग मयतांची नावं विचारली. तिनं तिन्ही सांगितली, बापाचं नाव आजोबासकट, सावकाश, लहान पोराला शुद्धलेखन घालावं तशी. जमादारानं वाचून दाखवलं, तर एक नाव चुकलेलं. तिनं खोडायला लावून पुन्हा लिहून घेतलं. गुरुजींनी त्याखाली आपल्या आजोबांचं घातलं. शेवटच्या रकान्यात जमादारानं लिहिलं, ‘कोणाविरुद्धही तक्रार नाही, प्रकरण दप्तरी दाखल,’ आणि शाईचा डबा पुढं सरकवला. खालानं अंगठा उमटवला. शाई पदराला पुसली नाही. अंगठा तसाच वर धरून बसली.

मला अजून संताप येतो तो ह्याचा, की तिला त्या कागदाचाही आनंद झाला. सरकारी कागदावर बापाचं नाव ती पहिल्यांदा बघत होती. नाकाशी धरून, अक्षरावरनं बोट फिरवून. जमादारानं कागद ओढून फायलीत घातला, फायलीला नाडी बांधली.

“बाबा,” ती म्हणाली, “दगड लागंल तवा लागंल. ह्याची एक नक्कल तरी दे मला.”

जमादार म्हणाला, “नकलेसाठी अर्ज करावा लागतो.”