रामकिसनची एका सुराची चाल

रामकिसन पगारे भोकरदनच्या बसस्थानकावरून निवृत्त झाला, तेव्हा सोबतच्यांनी त्याला शाल, नारळ आणि एक कीबोर्ड दिला. सव्वीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारलेल्या माणसाला गळा असणारच, असा त्यांचा समज. रामकिसनचाही तोच होता.

बुद्धपौर्णिमेला विहारात स्वतःचं गाणं म्हणायचं त्यानं ठरवलं. शब्द दोन दिवसांत झाले: 'चला शांतीच्या वाटेनं, चला मैत्रीच्या वाटेनं.' चालीला मात्र तीन आठवडे लागले. रोज चहा घेऊन तो कीबोर्डपुढं बसायचा, डोळे मिटायचा आणि मोठ्या संगीतकारासारखी मान हलवायचा. एक दिवस बायकोला समोर बसवून त्यानं अख्खं कडवं ऐकवलं.

बेबीनंदा मेथी निवडत होती. "लई झ्याक," ती म्हणाली. "पण ही गाडी कोणत्या फलाटावर लागली?"

रामकिसनला राग आला. खात्री करायला त्यानं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं आणि राग जागीच उतरला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत एकच सूर! मान तेवढी वरखाली झाल्ती. "मला वाटलं, मी गाऊन राह्यलो," तो म्हणाला, "मी तर जालना गाडी पुकारून राह्यलो." अन् त्यानं कीबोर्ड खाटेखाली सरकवला.

रविवारी पायल आली. त्यांची ही लेक जालन्याच्या एका शाळेत संगीत शिकवते. आईकडून सगळं कळल्यावर तिनं कीबोर्ड बाहेर काढला.

"पप्पा, सूर बदलला न्हाई तरी चालतं. आपण खालचे कॉर्ड बदलू."

"कॉर्ड म्हंजे?"

"तीन सूर एकदम दाबायचे. सा, ग, प: झाला एक. म, ध, वरचा सा: दुसरा. ध, सा, ग: तिसरा. तुमचा सा तिन्हींत आहे बघा. तुम्ही जागचे हलू नका, बाकीचं मी बघते."

रामकिसन हलला नाही, ते त्याला बिलकुल अवघड नव्हतं. पण लेकीची बोटं बदलली तसा तोच सूर आधी प्रसन्न वाटला, मग मोकळा, मग जरा उदास. आपण खिडकीशी बसून आहोत आणि बाहेरची गावं बदलताहेत, असं त्याला झालं. त्याचे डोळे भरून आले.

"आता एकदाच वर जा," पायल म्हणाली. "शेवटच्या 'वाटेनं'वर ग घ्या, मंग परत 'सा'वर या. म्हंजे गाणं घरी आल्यासारखं वाटतं."

जाणं जमलं. परत येताना तो रोज 'रे'वरच अडकायचा. आठ दिवस शेजाऱ्यांनी हे सहन केलं.

बुद्धपौर्णिमेला विहारात पायल कीबोर्डपुढं बसली. शेवटच्या 'वाटेनं'ला रामकिसनचा आवाज असा फाटला, की पुढच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तो स्वतःच माईकवर हसला. "थांबा, पुन्हा घेतो." दुसऱ्यांदा वर गेला, आणि बराबर 'सा'वर येऊन टेकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खीर वाटताना निवृत्त हेडमास्तर अण्णासाहेब जवळ आले. "रामकिसन, एकदा ऐकली अन् पाठ झाली बघ तुझी चाल." त्यांनी ती गुणगुणूनही दाखवली, अगदी 'ग'सकट.

"पाठ करायला त्यात आहे काय, सर?" रामकिसन म्हणाला. "दोन तर सूर!"

पण हातातली खीर तशीच ठेवून तो म्हणाला, "एकदा पुन्हा म्हणता का?"