जयमालाचा पासवर्ड

जयमालाबद्दल मी चांगलं बोलावं, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. खामगावात उत्तमरावांच्या छापखान्यात मी, रंगराव, चौदा वर्षं लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवतोय. ती संग्रामपूरहून आली तीन वर्षांपूर्वी. नव्याचे नऊ दिवस, म्हटलं. पण हिचे दिवस काही संपेचनात.

कॉम्प्युटर एकच. सकाळी ती बसायची, दुपारी मी. गिऱ्हाईक मात्र दारातूनच विचारायचं, "बाई आहेत का? त्यायच्या अक्षरातली पत्रिका पाह्यजे." तिचं कसलं आलंय अक्षर! कुठून कुठून गोळा केलेले वळणदार फॉन्ट, बस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका दुपारी ती डबा खायला गेली, तेव्हा मी विंडोजच्या फोल्डरात शिरलो आणि तिचे फॉन्ट उडवले. रागाच्या भरात हात जरा जास्तच चालला. दुसऱ्या दिवशी, ऐन लग्नसराईत, उघडावी ती पत्रिका इंग्रजी अक्षरांचा कचरा दाखवू लागली. गणपतीच्या श्लोकाच्या जागी कंस आणि टिंबं. माझ्याही पत्रिका त्यातच गेल्या.

"कोनं हात लावला बे याले?" उत्तमराव माझ्याकडेच बघत होते.

"व्हायरस असन, काका," जयमाला म्हणाली. तिनं सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर आधीच ठेवले होते. तासाभरात मशीन चालू. तिनं मला वाचवलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

उत्तमरावांनी तिच्याकडून मला वेगळं, साधं खातं काढून दिलं. त्यात पत्रिका जुळवता येते, पण विंडोजच्या फोल्डरात काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही. त्यासाठी लागणारा पासवर्ड एकट्या तिच्याजवळ. एक फॉन्ट टाकायचा तर चौदा वर्षं इथं घासलेल्या माणसानं तिला हाक मारायची!

गेल्या मंगळवारी ती सुट्टीवर होती आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं. फोन केला. "लिहून घ्या भाऊ," म्हणाली आणि पासवर्ड सांगून टाकला. मी माझा फॉन्ट टाकला आणि बाहेर आलो. तिचे फॉन्ट समोरच होते, बोटसुद्धा लावलं नाही. दिवसभर स्वतःवर खूश होतो.

बुधवारी ती पलीकडे छापलेल्या पत्रिका मोजत होती. मी हळूच तोच पासवर्ड टाकून पाहिला. मशीन टुणकन वाजलं.

"सकाळीच बदलवला, भाऊ," मान वर न करता ती म्हणाली. "काही टाकाचं होतं काय?"

टाकायचं काहीच नव्हतं.